विंडोज १० वरून ११ : कामाच्या मशीनवर घ्यावं का? वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी सरळ उत्तर देते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. मशीन विंडोज ११ साठी अधिकृतपणे पात्र असेल, त्यात एसएसडी असेल, आणि ज्या सॉफ्टवेअरवर तुमचं पोट आहे ते आणि मशीनला जोडलेला प्रिंटर, स्कॅनर, डोंगल असं सगळं ११ वर चालतं याची खात्री झाली असेल तर करून टाका अपग्रेड. चांगलं आहे, मी दिवसभर त्याच्यावरच काम करते. यातलं एक जरी डळमळीत असेल तर थांबा, पण नुसतं थांबू नका, थांबायची पण एक पद्धत आहे ती पुढे लिहिलीय.

मी एका छोट्या ऑफिसात हिशोब आणि बिलिंग बघते आणि तिथली मशीन सांभाळायचं काम पण माझ्याकडेच आहे, त्यामुळे हा रिव्ह्यू गेम खेळणाऱ्यांसाठी नाहीये, नवीन वॉलपेपर आणि गोल कोपऱ्याच्या खिडक्या कशा दिसतात त्यासाठी पण नाही. घरचा लॅपटॉप बिघडला तर एखादी संध्याकाळ जाते. कामाचा बंद पडला की बिलं अडकतात, पगार अडकतात, समोर माणूस वाट बघत बसलेला असतो. म्हणून कामाच्या मशीनला ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना मी एकच गोष्ट धरून चालते, की नवीन काय मिळणार हे सगळ्यात शेवटी बघायचं आणि जुनं काय काय बंद पडू शकतं ते सगळ्यात आधी. बहुतेक रिव्ह्यू नेमके उलटे लिहिलेले असतात.

आता मुळात हा प्रश्न का आलाय ते थोडक्यात. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला आणि त्याचा सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला. सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही, हे खूप जणांना नीट कुणी सांगितलेलं नसतं आणि ते घाबरून जातात. मशीन चालू होतं, सॉफ्टवेअर चालतं, फाइली उघडतात. फक्त सिस्टीममध्ये जे नवीन नवीन भगदाड सापडत राहतं ते बुजवणारं अपडेट येणं थांबतं. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१६ आणि २०१९ चा (वर्ड, एक्सेलवालं) सपोर्ट पण संपलाय, ही गोष्ट मात्र फारशी कुणी बोलत नाही, आणि कामाच्या मशीनवर एक्सेल नि मेल तर रोज उघडतो आपण, बाहेरून आलेल्या फाइली त्याच्यातच उघडतात. त्यामुळे विंडोजचा निर्णय घेताना मायक्रोसॉफ्ट ऑफिस कुठलं आहे ते पण त्याच वेळी बघा.

"अपडेट नाही आलं तर काय होतंय, माझ्याकडे अँटीव्हायरस आहे की" असं म्हणणारे खूप आहेत. त्यांच्यासाठी २०१७ च्या वॉनाक्रायचं, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं, उदाहरण पुरेसं आहे. मायक्रोसॉफ्टने ते भगदाड बुजवणारा पॅच मार्चमध्येच दिला होता, हल्ला झाला मे महिन्यात, आणि ज्या मशीन सापडल्या त्यातल्या बहुतेक विंडोज ७ वाल्या होत्या, म्हणजे तेव्हा सपोर्ट चालू असलेल्या, नुसता पॅच मारायचा राहिलेल्या. ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांचं काम ठप्प झालं होतं तेव्हा. आणि तो नेटवर्कमधून एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरत होता, कुणी काही क्लिक करायची पण गरज नव्हती. पॅच असून मारला नाही तर हे होतं, मग पॅच येणारच नसेल तर काय ते बघा. ज्या मशीनवर बँकेचं लॉगिन होतं, गिऱ्हाइकांची माहिती आहे, त्या मशीनला पॅच न मिळणं मला तरी अजिबात चालत नाही, इथे मी ठाम आहे.

बरं, पात्रता. इथेच निम्मी गाडी अडते. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, युईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं, कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या जनरेशनपासून पुढचा (सातव्यातले अगदी मोजके चालतात), एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० पासून पुढचा. ढोबळ हिशोब असा की २०१८ नंतर घेतलेलं मशीन बहुतेक बसतं, आधीचं बहुतेक बसत नाही. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं ॲप आहे ते चालवलं की हो किंवा नाही कळतं. पण "नाही" आलं म्हणून लगेच नवीन मशीनचं कोटेशन मागवू नका, कारण नाही का आलं ते महत्त्वाचं आहे. टीपीएम नाही असं सांगत असेल तर खूप वेळा ते असतं पण बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) बंद करून ठेवलेलं असतं, इंटेलमध्ये पीटीटी नावाने आणि एएमडीमध्ये एफटीपीएम नावाने सापडेल, चालू करा नि परत चेक करा. सिक्युअर बूट नाही असं सांगत असेल तर बऱ्याचदा विंडोज जुन्या लेगसी मोडमध्ये टाकलेलं असतं आणि डिस्क एमबीआर (जुन्या रचनेची) असते, तर ती जीपीटी (नव्या रचनेची) करायला एमबीआर२जीपीटी नावाचं टूल विंडोज १० मध्येच आहे, डेटा न उडवता होतं. पण डिस्कच्या रचनेला हात लावायचाय तर बॅकअप घेतल्याशिवाय नाही, आणि त्यानंतर बायोसमध्ये जाऊन मोड युईएफआय करायला विसरायचं नाही नाहीतर मशीन बूटच होणार नाही. प्रोसेसरच यादीत नसेल तर मात्र विषय संपला, ते काही सेटिंगने बदलत नाही.

कागदावर पात्र असणं आणि कामाला पुरं पडणं यात पण फरक आहे. ४ जीबी रॅमवर ११ बसतं पण त्यावर ब्राउझरचे चार टॅब, एक्सेल नि बिलिंग सॉफ्टवेअर एकदम उघडलं की मशीन रडतं. माझ्या मते कामासाठी ८ जीबी ही खालची पायरी, १६ असेल तर डोक्याला ताप नाही. आणि जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी टाका आणि मगच विंडोजचा विचार करा, खरं सांगायचं तर एसएसडी टाकल्यावर जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच विंडोज अपग्रेडने पडत नाही. चांगल्या मशीनवर १० आणि ११ च्या स्पीडमध्ये मला रोजच्या कामात काही फरक जाणवला नाही, फास्ट पण नाही झालं, स्लो पण नाही.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी लिहायला बसले. मशीन पास झालं म्हणजे तुमचं काम पास झालं असं नाही. पीसी हेल्थ चेक फक्त कॉम्प्युटर तपासतं, त्याला जोडलेलं काही तपासत नाही, आणि तुमचं सॉफ्टवेअर पण तपासत नाही. माझ्याकडे एक शीट फीडवाला स्कॅनर आहे, तब्येतीने ठणठणीत, दिवसाला गठ्ठेच्या गठ्ठे ओढतो, पण कंपनीने त्याच्या मॉडेलचे ड्रायव्हर (यंत्र विंडोजशी जोडणारं छोटं सॉफ्टवेअर) काढणंच बंद केलंय आणि ११ साठी विचारलं तर नवीन मॉडेल घ्या एवढंच उत्तर मिळतं. याचा राग येतो, यंत्र चांगलं असताना फक्त एका ड्रायव्हरपायी ते भंगारात काढायचं हे चूक आहे आणि स्कॅनर, प्रिंटर बनवणाऱ्यांनी याला उत्तर द्यायला पाहिजे. ते मशीन आम्ही १० वरच ठेवलंय, कसं ते पुढे सांगते. नवे प्रिंटर सहसा त्रास देत नाहीत, नेटवर्कवरून आपोआप ओळखले जातात. स्कॅनरची भानगड जास्त असते. विंडोज ११ चं २४एच२ (२०२४ च्या उत्तरार्धातलं) व्हर्जन आलं तेव्हा सुरुवातीला ईएससीएल प्रोटोकॉलवर (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय स्कॅन करायची पद्धत) चालणारे काही यूएसबी स्कॅनर मशीनला सापडायचेच नाहीत आणि मायक्रोसॉफ्टने ते दुरुस्त होईपर्यंत तशा मशीनना अपडेट देणं थांबवून ठेवलं होतं. म्हणजे अपडेट तुमच्या मशीनवर येत नसेल तर त्याच्यामागे असं काही कारण असू शकतं, जबरदस्तीने आयएसओ (विंडोज टाकायची पूर्ण फाइल) आणून टाकायच्या आधी मायक्रोसॉफ्टच्या रिलीज हेल्थ पानावर एक नजर टाका, तिथे कुठली अडचण उघडी आहे ते लिहिलेलं असतं.

दुसरं म्हणजे डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी यूएसबीला लावायची छोटी किल्ली. हिशोबाची, डिझाइनची, मशिनिंगची खूप सॉफ्टवेअरं अजून यूएसबी डोंगल लावल्याशिवाय उघडत नाहीत, आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर कधीकाळचा असतो. विंडोज ११ नवीन टाकलं की त्यात मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षेची सोय बऱ्याचदा चालूच येते आणि तिला असले जुने ड्रायव्हर चालत नाहीत, मग सॉफ्टवेअर म्हणतं डोंगलच लावलेलं नाही आणि तुम्ही पोर्ट बदलत बसता. याची चाचणी अपग्रेडच्या आधी १० वरच करता येते हे फार थोड्यांना माहितीये. विंडोज सिक्युरिटी उघडा, डिव्हाइस सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशन आहे, तिथे मेमरी इंटिग्रिटी चालू करायचा प्रयत्न करा. एखादा ड्रायव्हर आड येत असेल तर त्याचं नाव दाखवून चालू करायला नकार देतं. म्हणजे तुम्हाला फुकटात यादी मिळाली की कुणाकडे नवीन ड्रायव्हर मागायचा. कंपनीकडे नसेलच तर ती सोय बंद ठेवून काम चालतं, पण मग सुरक्षेचा एक थर कमी झाला हे लक्षात ठेवून.

तिसरं, खूप जुनं सॉफ्टवेअर. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, ३२ बिट नाहीच. साधी ३२ बिट सॉफ्टवेअरं त्याच्यावर चालतात, त्याची काळजी नको. पण तुमचं सध्याचं विंडोज १० जर ३२ बिट असेल आणि त्याच्यावर डॉसच्या काळातलं किंवा १६ बिट काही चालत असेल, स्टॉकचं म्हणा, पगाराचं म्हणा, तर ते ६४ बिटवर उघडणारच नाही. आणि ३२ बिटवरून ११ ला सरळ अपग्रेड पण होत नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, अबाऊट इथे सिस्टीम टाइप लिहिलेला असतो, बघून घ्या. तसंच आपापल्या स्क्रिप्ट वापरणारे असाल, कुणीतरी कधीतरी बनवून दिलेली व्हीबीस्क्रिप्टची फाइल डबल क्लिक केली की रिपोर्ट निघतो टाइप, तर व्हीबीस्क्रिप्ट आता २४एच२ पासून ऐच्छिक फीचर झालंय आणि पुढे काढून टाकणार आहेत. डब्ल्यूएमआयसी नावाचं जुनं कमांड टूल पण निरोप घेतंय. वर्डपॅड तर गेलंच, २४एच२ मध्ये नाहीये, कुणी आरटीएफ फाइली वर्डपॅडमध्ये उघडत असेल तर लिबरऑफिस टाकून घ्या. इंटरनेट एक्सप्लोररवरच चालणाऱ्या जुन्या साइट असतात, डिजिटल सहीच्या टोकनवाल्या वगैरे, त्यांच्यासाठी एजमध्ये आयई मोड आहे आणि तो कमीत कमी २०२९ पर्यंत ठेवणार असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, त्यामुळे तिथे इतक्यात अडणार नाही.

आणि चौथं, शेअर केलेली फाइल. यात सगळ्यात जास्त वेळ जातो कारण एरर बघून काहीच अर्थबोध होत नाही. ऑफिसात कोपऱ्यात एक जुना नॅस बॉक्स (सगळ्यांच्या फाइली ठेवायचा, नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) असतो किंवा एखादं मशीन पासवर्डशिवाय शेअर केलेलं असतं आणि सगळे तिथून फाइली उचलतात. विंडोज ११ प्रो (व्यवसायासाठीची एडिशन) च्या २४एच२ मध्ये नेटवर्क शेअरिंगसाठी एसएमबी साइनिंग, म्हणजे समोरचं मशीन खरं आहे याची डिजिटल खूण, सक्तीचं केलंय आणि पासवर्डशिवाय गेस्ट म्हणून आत जाणं बंद केलंय, दोन्ही डीफॉल्टच तसं. जुन्या नॅसला साइनिंग येत नसेल किंवा तिथे गेस्टच चालू असेल तर अपग्रेड केलेल्या मशीनला ते फोल्डर उघडत नाही, बाजूच्या १० वाल्या मशीनला मात्र झकास उघडतं, मग सगळे म्हणतात विंडोज ११ खराब. त्याने दार बंद केलंय ते बरोबरच केलंय, पासवर्ड नसलेलं शेअर हे वॉनाक्रायसारख्या प्रकारांना आमंत्रण आहे. नॅसवर प्रत्येकाला युजर आणि पासवर्ड बनवून द्या, त्याचं फर्मवेअर अपडेट करा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं. सेटिंग ढिली करून जुनं तसंच चालू ठेवायचा उपाय पण सापडेल शोधला तर, मी तो करणार नाही आणि करा म्हणून सांगणार पण नाही.

एवढं सगळं पार झालं की मग वापरायला कसं आहे ते. पहिले काही दिवस हात चुकतो. स्टार्ट बटण मधोमध आलेलं असतं, ते सेटिंगमधून डावीकडे नेता येतं, मी पहिल्याच दिवशी नेलं. टास्कबार बाजूला किंवा वर लावायची सवय असेल तर मी वापरतेय त्या व्हर्जनमध्ये ती सोय नाहीये, उभ्या टास्कबारवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला हे खरंच खटकणार. टास्कबारवर प्रत्येक खिडकी नावासकट वेगळी दाखवायची सोय आधी काढून टाकलेली ती २३एच२ मध्ये परत आली, चार-पाच एक्सेल उघडून बसणाऱ्यांना ती हवीच. राइट क्लिकचा मेनू छोटा केलाय, जुना मेनू "शो मोअर ऑप्शन्स" च्या मागे लपवलाय, तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, सरळ जुना मेनू येतो. कॉपी पेस्ट डिलीट यांची नुसती चित्रं दिली होती तिथे आता नावं पण दिसतात.

चांगल्या गोष्टी पण सांगते, कारण आहेत. दोन मॉनिटर लावणाऱ्यांसाठी ११ खरंच सुधारलंय, लॅपटॉप काढून मीटिंगला नेला नि परत आणून लावला तर खिडक्या आपापल्या मॉनिटरवर जाऊन बसतात, १० मध्ये सगळ्या एका स्क्रीनवर गोळा व्हायच्या. विंडोज की आणि झेड दाबलं की स्क्रीनचे भाग पाडायचे नमुने येतात, एका बाजूला बँकेचं स्टेटमेंट, दुसऱ्या बाजूला लेजर, खाली कॅलक्युलेटर असं लावून टॅली करायला फार सोयीचं. फाइल एक्सप्लोररमध्ये टॅब आलेत, ही एक गोष्ट मला परत १० वर गेले की सगळ्यात जास्त आठवते. नोटपॅडमध्ये पण टॅब आहेत आणि सेव्ह न करता बंद केलं तरी लिहिलेलं राहतं. स्निपिंग टूलने स्क्रीनवरच्या चित्रातला मजकूर उचलता येतो, इनव्हॉइसची स्कॅन केलेली पीडीएफ आली की त्यातला नंबर टाइप करायची गरज नाही. ७झिप आणि आरएआर फाइली वेगळं सॉफ्टवेअर न टाकता उघडतात. एआयची रिकॉल (स्क्रीनचे फोटो काढून ठेवणारी सोय) वगैरे जी चर्चा आहे ती फक्त कोपायलट प्लस वाल्या नव्या मशीनना लागू होते, जुन्या मशीनवर अपग्रेड करणाऱ्याने त्याची चिंता करू नये.

नीट बघून घ्या म्हणून मी आवर्जून सांगेन अशा दोन गोष्टी. एक, वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण. नवीन सेटअप करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या बॅकअपमध्ये गेलेले असू शकतात. फुकटची जागा ५ जीबी, ती भरते आणि लाल खुणा यायला लागतात, ते एक वेळ चालेल. पण हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये असेल आणि सॉफ्टवेअर चालू असतानाच वनड्राइव्ह तीच फाइल सिंक करायला लागलं तर डेटा बिघडायची भीती असते. तो फोल्डर सिंकच्या बाहेर ठेवा, पहिल्याच दिवशी.

दुसरी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, आणि ही फार महत्त्वाची. २४एच२ नव्याने टाकलं आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, बहुतेकांना पत्ताच नसतो. लॅपटॉप चोरीला गेला तर डेटा सुरक्षित, म्हणून चांगलीच गोष्ट आहे. पण उद्या मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट केला आणि चालू करताना त्याने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर ती तुमच्याकडे पाहिजे, नसेल तर डेटा गेला, मग कुणीही तो परत काढू शकत नाही. ती की ज्या खात्याने साइन इन केलं त्या खात्यात साठवलेली असते. आता विचार करा, ऑफिसच्या मशीनवर एखाद्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या खात्याने साइन इन केलेलं आहे आणि तो नोकरी सोडून गेला. म्हणून ऑफिसचं मशीन ऑफिसच्या खात्यावरच पाहिजे, आणि की कागदावर छापून कपाटात. बायोस अपडेट करायच्या आधी बिटलॉकर सस्पेंड करायचं, हे पण लिहून ठेवा.

आता ज्यांचं मशीन बसत नाही किंवा माझ्या त्या स्कॅनरसारखं काही अडलंय त्यांच्यासाठी. ईएसयू म्हणून वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, स्वतःच्या मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, आणि त्यात पैसे न भरता पण मार्ग आहे, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्ज सिंक केल्या की झालं. संस्थांसाठी वेगळी योजना, तिथे पैसे भरून जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात आणि दर वर्षी दर दुप्पट होतो, म्हणजे ती सोय लांबण लावायला नाही, बदल उरकायला वेळ मिळावा म्हणून आहे. ईएसयूमध्ये फक्त सुरक्षेचे पॅच येतात, नवीन काही येत नाही, आणि कामाच्या मशीनला ते तसंच बरं. स्कॅनरवालं मशीन आम्ही असंच ठेवलंय, पॅच चालू आहेत, त्यावर मेल नाही, ब्राउझिंग नाही, स्कॅन करून फाइल नॅसवर टाकायची एवढंच त्याचं काम. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ॲप्सना विंडोज १० वर सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत, पण त्याचा अर्थ खालची सिस्टीम सुरक्षित आहे असा होत नाही, या दोन गोष्टींची गल्लत खूप जण करतात.

पात्र नसलेल्या मशीनवर जुगाड करून ११ टाकायचं का? रजिस्ट्रीत एक नोंद बदलून किंवा खास पेनड्राइव्ह बनवून टाकता येतं, आणि चालतं पण. तरी कामाच्या मशीनवर माझं उत्तर नाही. अशा मशीनना अपडेट मिळण्याचा हक्क नाही असं मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहून ठेवलंय, वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट आपोआप येत नाही, दरवेळी परत तोच खटाटोप करायचा. आणि अट कधी घट्ट होईल सांगता येत नाही, २४एच२ ला प्रोसेसरमध्ये एक ठरावीक सूचनासंच नसेल तर ते बूटच होत नाही, त्या दिवशी अगदी जुन्या प्रोसेसरवर जुगाड केलेल्यांचा रस्ता बंद झाला. घरी शिकायला म्हणून करायचं असेल तर खुशाल करा. काम सगळं ब्राउझरमध्येच होत असेल तर त्या मशीनवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाका, ते याच्यापेक्षा खूप जास्त प्रामाणिक उत्तर आहे, जुनं हार्डवेअर पण त्यावर चांगलं पळतं.

करायचं ठरलं असेल तर कधी आणि कसं. महिनाअखेर, वर्षअखेर, रिटर्न भरायचे दिवस, कुठल्याही डेडलाइनच्या आधीचा आठवडा, यात अजिबात नाही. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, त्याच्या लगेच नंतर पण नको, जरा आठवडा जाऊ द्या. नवीन व्हर्जन आलं की लगेच उडी मारायची गरज नसते, होम आणि प्रो ला प्रत्येक व्हर्जनला २४ महिने सपोर्ट असतो, दोन-तीन महिने लोकांच्या तक्रारी वाचून मग घेतलं तरी काही बिघडत नाही. सेटिंग्जमधून अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, आणि प्रो एडिशन असेल तर ग्रुप पॉलिसीतून मोठं अपडेट ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतं. कामासाठी प्रो घ्यायचं माझं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, की अपडेट कुठल्या दिवशी होणार ते मी ठरवते. होम वरून अपग्रेड केलं तर होमच मिळतं, प्रो वरून प्रो, आणि १० अॅक्टिव्हेट असेल तर ११ ला वेगळे पैसे नाहीत.

बॅकअप दोन प्रकारचा घ्या. कामाच्या डेटाची नुसती कॉपी बाहेरच्या डिस्कवर, आणि पूर्ण डिस्कची इमेज वेगळी, म्हणजे काहीही झालं तरी आहे त्या सॉफ्टवेअर आणि लायसन्ससकट मशीन जसंच्या तसं परत उभं करता येतं. घेतलेल्या कॉपीतली एक-दोन फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, न उघडून बघितलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही. ज्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं ते आधी डीअॅक्टिव्हेट करायला लागतं का ते कंपनीला विचारा, फोन करा, मेलवर लेखी उत्तर घ्या. फाइली आणि ॲप्स तशीच ठेवून अपग्रेड करायचं की फॉरमॅट मारून नवीन टाकायचं यावर लोक भांडतात. माझं मत, मशीन आत्ता नीट चालत असेल तर तसंच वरून अपग्रेड करा, आधीच हँग होत असेल, कचरा साठला असेल तर नवीन टाका, कारण अपग्रेडने जुना आजार बरा होत नाही, तो बरोबर येतो.

ऑफिसात तीन-चार मशीन असतील तर सगळ्यांवर एकदम कधीच नाही. ज्या मशीनवर सगळ्यात कमी अडणार आहे ते एक आधी करा आणि त्यावर खरं काम करा, म्हणजे खरं बिल काढा, त्याची प्रिंट काढा, एक कागद स्कॅन करा, नॅसवरची फाइल उघडून सेव्ह करा, डिजिटल सही करून बघा, महिन्याचा रिपोर्ट काढून १० वरच्या रिपोर्टशी जुळवा. काही अडलं तर सेटिंग्जमध्ये रिकव्हरीत जाऊन मागे फिरता येतं, पण फक्त १० दिवस, त्यानंतर जुनं विंडोज आपोआप पुसलं जातं. ही मुदत कमांडने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती वाढवायची असेल तर त्या १० दिवसांच्या आतच, आणि तोपर्यंत डिस्क क्लीनअपमध्ये जागा मोकळी करायला म्हणून विंडोज डॉट ओल्ड नावाचा फोल्डर कुणी उडवणार नाही एवढं सगळ्यांना सांगून ठेवा, कारण तो गेला की मागे जायचा रस्ता पण गेला. मी ती मुदत नेहमी वाढवते, म्हणजे त्यात एक महिनाअखेर येऊन जाते, आणि महिनाअखेरीचं सगळं काम नव्या विंडोजवर निघालं की मग दुसऱ्या मशीनला हात लावते.